तांबडीचं औषधपाणी

आजारी कोंबडी आजार लपवते. दुबळं पाखरू दिसलं की बाकीच्या टोचतात, म्हणून ती उभी राहते, दाणे टिपल्यासारखं करते. पिसं फुगवून, मान आखडून ती कोपऱ्यात पेंगायला लागली, की आजार बराच पुढे गेलेला असतो. ते आधी कळतं घरातल्या बाईला. कण्या टाकल्या आणि तांबडी आली नाही, एवढं तिला पुरतं.

तांबडीसाठी डॉक्टर घरी येत नाही. मग आमच्या काकू दिवेलागणीची वाट पाहतात. अंधारात कोंबडी धावत नाही, सहज हाती येते. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात पंख गुंडाळायचे, पण छाती मोकळी ठेवायची. पाखराला आपल्यासारखं श्वासपटल नसतं; छातीचं हाड हललं तरच त्याचा श्वास चालतो. घट्ट धरलेली कोंबडी हातातच गुदमरते. अंग गरम लागलं म्हणून घाबरायचं नाही, धडधाकट कोंबडीचंही अंग ४१ अंशांच्या आसपास असतं.

चोच उघडली की जिभेच्या मुळाशी एक बारीक फट उघडझाप करताना दिसते. ती श्वासाची वाट. औषध तिथे ओतलं तर फुप्फुसात जातं. म्हणून काकू चोचीच्या कडेला एकच थेंब सोडतात, ती गिळेपर्यंत थांबतात, मग दुसरा. तान्ह्या बाळाला बोंडल्यानं दूध पाजावं तितक्या सावकाश.

"काकू, पिण्याच्या पाण्यातच टाकलं तर?"

"अगं, आजारी आहे ती पाणी पीतच नाही. धडधाकट असतात त्याच पिऊन टाकतात."

मला या हातांचं फार मोल वाटतं. अंड्यांचे पैसे बाईच्या स्वतःच्या हातात पडतात, त्यातून वह्या येतात, एसटीचं भाडं निघतं. त्या तांबडीसाठी रात्री खपणं हे काही खुळ्यासारखं जीव लावणं नव्हे.

पण मानमोडी आली की हे हातही थिटे पडतात. हिरवी हगवण, लुळे पंख, पिळवटलेली मान, आणि दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं. हा विषाणूचा रोग. त्यावर औषध नाही. दुकानातून आणलेली अँटिबायोटिकची पुडी त्या विषाणूला काहीच करत नाही. वर औषधाचा अंश अंड्यात उतरतो, म्हणून औषध कोणतंही असो, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस भरेपर्यंत ती अंडी खाऊ नयेत, विकूही नयेत.

मानमोडीला अडवते ती लस. पिल्लू आठवड्याचं होतं तेव्हा डोळ्यात किंवा नाकपुडीत लासोटा लशीचा एक थेंब, पुढच्या मात्रा डॉक्टर सांगतील तशा. अडचण एवढीच, की बाटली निदान शंभर पाखरांची येते, बर्फात ठेवावी लागते आणि कालवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. एका घरात पाखरं सहा-सात. म्हणून आळीतल्या बायांनी दिवस ठरवावा, पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून एक बाटली आणावी आणि त्याच संध्याकाळी सगळ्या खुराड्यांवरून फिरवावी.