एका रायफलीचे समर्थन

माणसाला एखादी वस्तू आवडली म्हणजे तो ती सरळ घेत नाही. आधी तिच्यासाठी कारण शोधतो. पुस्तकांचे मोठे कपाट घेणारा गृहस्थ मुलांच्या अभ्यासाचे नाव पुढे करतो, आणि भारी घड्याळ घेणारा वक्तशीरपणाचे. मीही ह्या नियमाला अपवाद नाही. गेली दोन वर्षे मला तरफेची एक रायफल हवीशी वाटत आहे, आणि तिचे समर्थन इस्लापूरजवळच्या आमच्या शेताने मला आयतेच पुरविले आहे.

ही रायफल ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. चापाभोवतीची कडी हीच हिची तरफ. ती खाली ओढून पुन्हा वर घेतली की रिकामे काडतूस बाहेर उडते आणि नळीखालच्या लांब पोकळीतून नवे काडतूस आत येते. जॉन ब्राउनिंग ह्या अमेरिकन कारागिराने रचलेली १८९४ ची विंचेस्टर ही ह्या जातीतली सर्वांत प्रसिद्ध. तिच्या सत्तर लाखांहून अधिक प्रती निघाल्या. ती हलकी, सडपातळ, उजव्या हाताला जशी सोयीची तशीच डावऱ्यालाही. त्या पोकळीत काडतुसे एकामागे एक उभी असतात; मागच्या गोळीचे टोक पुढच्याच्या बुडाला टेकून धक्क्याने भडका होऊ नये म्हणून गोळ्यांची टोके चपटी ठेवीत. यंत्रामागचा असा साधा विचार कळला की ते यंत्र आवडू लागते. माझे तसेच झाले.

आता शेत. इस्लापूर हे नांदेड जिल्ह्याच्या किनवट भागातले गाव. हा मुलूख १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता आणि अजूनही त्याच्या बोलीत तेलुगूची झाक आहे. जवळच पैनगंगा सहस्रकुंडाच्या कातळावरून उडी घेते. तिच्या काठाने अभयारण्याचे रान पसरले आहे. पावसाळ्यात हा प्रदेश इतका देखणा दिसतो की पाहुणा हरखून जातो. पण ज्या रानामुळे तो देखणा, त्याच रानातून रात्री रानडुकरांचे कळप उतरतात. ती पीक खातात त्याहून अधिक तुडवितात आणि नांगरतात. ज्वारी निसवली, हरभऱ्याला घाटे धरले, की कळप एका रात्रीत महिन्यांचा श्रम मातीत मिळवितो. त्यांच्या मागून रोही येतात. मग बांधाभोवती जुनी लुगडी बांधली जातात, डबे वाजतात, फटाके उडतात. जनावरे चार दिवस बिचकतात आणि पाचव्या दिवशी लुगड्याखालून आत शिरतात.

तेव्हा माझे समर्थन पक्के होते. कळप एका आवाजाने पांगत नाही. दुसरी गोळी चटकन हाताशी हवी. डुक्कर जाड कातडीचे व चिवट. चपटी, जड गोळी त्याला जागीच पाडते. रायफलीची गोळी मैलाच्याही पुढे जाते हा आक्षेप मोठा खरा. पण मचाणावरून खाली मारलेली गोळी जमिनीतच रुतते. ससे-तितरांच्या लहान शिकारीचे नाव मात्र मी घेत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात आरंभी ‘लहान शिकारी’चा स्वतंत्र परवाना होता, १९९१ च्या दुरुस्तीने तो गेला. पिकाचा नाश करणाऱ्या डुकरासाठी वनाधिकाऱ्याची परवानगी मिळू शकते, तेवढा आधार मला पुरेसा वाटत होता.

शस्त्रांचा १९५९ चा कायदा वाचला तेव्हा मौज वाटली. पीकरक्षणासाठी त्याने ठासणीची बंदूक नेमून दिली आहे. ती अपुरी ठरली तर गुळगुळीत नळीची. रायफल मागणाऱ्याने मात्र ‘योग्य कारण’ दाखवावे लागते. म्हणजे माझी आवड आणि माझे शेत ह्यांच्यामध्ये सरकारनेही तोच प्रश्न उभा केला होता!

तो प्रश्न खऱ्या अर्थाने विचारला तो आमच्या बटईदार मामांनी. साठी ओलांडलेला हा माणूस आश्विनापासून माघापर्यंत मचाणावर निजतो. निजतो म्हणजे जागतो. माझे सारे व्याख्यान त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मालक, ती आली म्हंजी मला झोप लागंल का?”

ह्या एका वाक्यापुढे विंचेस्टरचे सारे गुण मला गप्प ठेवावे लागले. कारण कोणतीही बंदूक आपण होऊन राखण करीत नाही. ती ठासणीची असो वा तरफेची, तिच्यामागे एक उघडा डोळा लागतोच. डुक्कर मरेल, कळप पांगेल, पण पुढल्या रात्रीही कोणीतरी थंडीत, विंचू-सापांच्या वाटेत जागेच राहिले पाहिजे. आणि परवाना माझ्या नावाचा, मचाण त्यांचे. तेव्हा मी शहरात असताना ती रायफल कपाटातच बसणार. उलट काही जण झोप मिळावी म्हणून तारेत थेट वीज सोडतात. ती तार डुक्कर आणि शेजारी ह्यांच्यात भेद करीत नाही, आणि सकाळी एखाद्या घरी रडारड होते. झोप हवी आणि कोणाचा जीवही जाऊ नये, तर सूर्याच्या उष्णतेवर नव्हे, उजेडावर चालणारे झटक्याचे कुंपण बरे. त्याचा धक्का क्षणभराचा असतो. जनावर दचकून मागे फिरते. मात्र तारेखालचे गवत सतत काढावे लागते, नाहीतर वीज त्यातच जिरते. पण गवत दिवसा काढता येते, हा त्याचा केवढा गुण!

तेव्हा पैसे प्रथम कुंपणाला जाणार हे ठरले आहे. त्यानंतरही एखादा उन्मत्त कळप उरलाच, तर परवानगी आणि योग्य बंदूक ह्यांचा विचार गावाने मिळून करावा. तो एकट्या मालकाच्या हौसेवर सोडण्याजोगा नव्हे.

मग माझ्या रायफलीचे समर्थन काय उरले? एवढेच की ती मला आवडते. कायद्याला हे ‘योग्य कारण’ वाटेल अशी आशा नाही. पण ते खरे आहे, आणि त्यासाठी रानडुकराला साक्षीला ओढावे लागत नाही, की मामांच्या जागरणाला.