काळ्या शाईतला तांबूस रंग

"आई, आजीची शाई लाल होती का गं?" धाकटीने विचारलं आणि मी पोळी तव्यावर तशीच टाकून उठले.

माळ्यावरून काढलेला पत्र्याचा डबा तिने उघडला होता. त्यात माझ्या आईच्या हिशेबाच्या वह्या. आईला जाऊन तीन वर्षं झाली. पेणहून इथे जित्याला आणलेल्या वह्या डब्यातच पडून होत्या. आईची शाई काळी, कायम काळी. पण मुलीने पान खिडकीशी तिरपं धरलं होतं आणि अक्षरांच्या वळणावळणांत चिंचेने घासलेल्या तांब्यासारखी लालसर झाक दिसत होती. पान सरळ केलं की काळं, तिरपं केलं की तांबूस! पोळी करपली ती करपलीच.

मला तशी शाई हवीशी झाली. "घरात डझनभर बॉलपेनं लोळताहेत," आमचे हे म्हणाले. तरी पेणच्या बाजारातून एक काळी बाटली आणली, दुसरी भावाकरवी मुंबईहून मागवली. दोन्ही शाया वहीच्या कागदावर अगदी मुकाट काळ्या.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. तिथल्या विज्ञानाच्या बाईंनी मला टीपकागदाचा प्रयोग दाखवला. कागदाच्या पट्टीवर शाईचा ठिपका द्यायचा, पट्टीचं टोक तेवढं पाण्यात बुडवायचं. पाणी वर चढतं तसा काळा रंग फुटत जातो: निळा, जांभळा, कुठे पिवळट. पेनातली काळी शाई बहुधा अशी दोन-चार रंगांची मिसळ असते. जुन्या मोडी कागदांवरची काजळ-डिंकाची शाई निराळी. ती शतकं टिकते, पण तिच्यात हा रंगांचा खेळ नाही, आणि फाउंटन पेनात घातली तर पेन तुंबलंच म्हणून समजा.

मग तांबूस कुठून आला? रंगपंचमीची गुलाबी रंगाची पुडी आठवा. कोरडी असताना तिच्यावर हिरवट-सोनेरी चमक असते आणि पाण्यात पडली की गुलाबी. मुलांच्या तोंडाला लावतात त्या जांभळ्या औषधाचा थेंब बशीत वाळला की तसाच चमकतो. दाट रंग जो प्रकाश एरवी गिळून टाकतो, त्यातलाच काही त्याच्या वाळलेल्या सायीवरून परत उसळतो. म्हणून निळ्या-जांभळ्यावर तांबूस, गुलाबीवर हिरवी झाक. मात्र रंगाची साय कागदावर राहायला हवी. कागदाने शाई पिऊन टाकली की संपलं. आमचं चुकत होतं ते इथेच.

बाकीचं माझ्या वेंधळेपणाने उलगडलं. मे महिन्यात माहेरी गेले ती बाटलीचं झाकण सैल ठेवून. परत आले तर शाई निम्मी आणि काकवीसारखी दाट. फेकवेना, म्हणून जुना टाक बुडवून वाण्याच्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर चार ओळी लिहिल्या. सकाळी पाहते तो तांबूस! आईच्या वह्याही तशाच, कॅलेंडरच्या गुळगुळीत पाठी शिवून केलेल्या. बाटलीच्या तळाची शाई आटली तरी ती टाकत नसे, त्यातच टाक बुडवून लिही. तिच्या लहानपणी शाईच्या वड्या पाण्यात विरघळवून शाई करत. कॅम्लिनच्या दांडेकरांनीसुद्धा १९३१ साली मुंबईत सुरुवात केली ती 'हॉर्स ब्रँड'च्या पुड्या आणि वड्यांनीच. पाणी किती घालायचं हे आईच्या हातात बसलेलं होतं.

करून पाहणार असाल तर दाट शाई पेनात भरू नका, टाकानेच लिहा. पेन तुंबलं असेल तर कोमट पाण्याने धुवा, उकळत्या नको. अशी शाई आपल्याकडच्या पावसाळ्यात दोन-दोन दिवस बोटाला लागते. माझा एक पदर त्यात गेला. आणि ही शाई पाण्याने पसरते, तेव्हा बँकेच्या कागदांवर चुकूनही नको. हल्ली मुद्दाम झाक दाखवणाऱ्या तयार शायाही मिळतात. मी अजून घेतलेली नाही.

त्यानंतर मी सगळ्या वह्या खिडकीशी बसून पुन्हा चाळल्या. कुठल्या महिन्यात बाटलीचा तळ गाठला होता, ते झाकेवरूनच कळत होतं. जून २००७ चं पान मात्र फिकं, राखाडी. त्या महिन्याच्या हिशेबात शाईची बाटली नव्हतीच. आहे तीच शाई पाणी घालघालून पुरवलेली. मी त्या वर्षी पनवेलला कॉलेजात जाऊ लागले होते. किराण्याच्या खाली, जेमतेम दिसेल अशा अक्षरांत एक ओळ होती: "पाटली १ मोडली. फी, पुस्तके, रेल्वेचा पास."

आम्हांला तिने सांगितलं होतं, पाटल्या सैल झाल्यात, सोनाराकडे टाकल्यात. पुढे एकच पाटली हातात दिसे. दुसरीचं मी कधी विचारलंच नाही.

"हे पान का नाही गं चमकत?" धाकटीने विचारलं.

"पाणी जास्त झालं होतं," मी म्हटलं.