नहरींच्या गावात बीदरच्या अत्ते

धाकट्याला वाळूजच्या एका कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा आमच्या आदिलाबादच्या घरात आनंदाबरोबर वादही सुरू झाला. तो भाड्याने फ्लॅट घेणार आणि अज्जीने सोबत राहायला यावे, असा त्याचा हट्ट. आमच्या अत्ते (सासूबाईंना मी त्यांच्याच कानडीत हाक मारते) मूळच्या बीदरच्या. त्यांनी एकच विचारले, "नीर ह्यांग अद?" पाणी कसे आहे?

मग आधी गाव पाहून यायचे ठरले. नंदिग्राम एक्स्प्रेसने छत्रपती संभाजीनगर गाठले. 1956 पर्यंत आदिलाबाद, बीदर आणि तेव्हाचे औरंगाबाद एकाच हैदराबाद राज्यात होते, आता तिघांची तीन राज्ये. अत्तेंना त्याचे काही वाटत नाही. तिन्हीकडे त्यांचे नातलग आहेत.

सकाळी पाणचक्की पाहिली. इथे मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी नावाचे गाव वसवले. हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि त्याने डोंगरातले पाणी जमिनीखालून गावात आणले. तीच नहर-ए-अंबरी. पुढे आणखी नहरी झाल्या, पाणचक्कीची त्यांतलीच एक. व्हेनिससारखे उघडे कालवे आणि होड्या शोधाल तर फसाल. इथली नहर डोळ्यांना दिसतच नाही. पाणी उताराने मातीच्या नळांतून येते, मधे मधे उंच बंब बांधलेले. बंबात पाणी चढते, अडकलेली हवा निघून जाते आणि पुढच्या वाटेला दाब मिळतो. ना मोटर, ना वीज! पाणचक्कीत हे पाणी उंचावरून कोसळते. त्याच्या जोरावर एके काळी जाते फिरे आणि फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी पीठ निघे.

अत्ते हौदाच्या काठावर बराच वेळ बसून राहिल्या. बीदरजवळ नौबादला बहामनी काळातली अशीच भुयारी वाट आहे, तिकडे तिला सुरंग बावी म्हणतात. लहानपणी तिच्या तोंडाशी बसून त्या खाली खडा टाकत आणि आवाजाची वाट पाहत. हे त्यांनी आम्हाला आजवर कधी सांगितले नव्हते.

दुपारी वेरूळ उरकले. कैलास लेणे कृष्ण राष्ट्रकूटाचे. याच घराण्याने पुढे मळखेडला राजधानी नेली. "मग हे आपल्याच मंदीचे," असे म्हणून अत्तेंनी हात जोडले.

संध्याकाळनंतर गावाला खरा रंग चढतो. शहागंज, सिटी चौक, गुलमंडी, कुठेही जा, खांद्याला खांदा लागतो. रमजानमध्ये तर ही गर्दी पहाटेपर्यंत असते. बापलेकांनी नान खलियावर ताव मारला. तंदूरचा मऊ नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा! 1327 च्या सुमारास तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली, तेव्हाच्या फौजेबरोबर तो आला, असे सांगतात. आम्हा दोघी शाकाहारींना गुलमंडीची गरम इमरती. अत्तेंनी दोन खाल्ल्या, मधुमेह विसरून. वर पान.

दुसऱ्या दिवशी फ्लॅट पाहिला. जिन्याखाली निळ्या ड्रमांची रांग! घरमालकांनी प्रामाणिकपणे सांगितले, नळ आठवड्याने येतो, मधे टँकर. पैठणचा नाथसागर इथून पन्नासेक किलोमीटरवर, तरी ही तऱ्हा. काल पाहिलेली जुनी नहर आठवून माझा तर संताप झाला. यांनीही मान हलवली. मुलाचा चेहरा पडला.

"अज्जी, ड्रम मी भरीन," तो हळूच म्हणाला.

अत्ते काही बोलल्या नाहीत. एकेका ड्रमाचे झाकण उचलून त्यांनी आत पाहिले, एकाला बोट लावून शेवाळ दाखवले. स्टेशनवर गाडी लागली तेव्हा मात्र त्यांनी नातवाला खिडकीजवळ बोलावले.

"नळ कोणत्या वारी येतो, ते नीट विचारून ठेव. मी आदल्या दिवशी येते. ते ड्रम आधी घासावे लागतील."