उतार

मुंबई मॅरेथॉन होऊन तीन दिवस झाले, तरी बदलापूर स्टेशनचा जिना मी कठडा धरून, आडवा उतरतोय. चढायला एवढं काही वाटत नाही. उतरताना मात्र मांडीचे स्नायू ताणले जातानाच शरीराचा भार पेलतात. ४२.१९५ किलोमीटर धावून त्यांच्या तंतूंना झालेल्या बारीकबारीक इजा तिथे बोलायला लागतात.

सोनिवलीला घरी मांडी घालून बसता येईना, तेव्हा आईने ताट टेबलावर ठेवलं. "आता पुरे ना रे?"

पुरे म्हणणं सोपं होतं. पण दहा तास खुर्ची, तीन तास लोकल, यात माझा असा पहाटेचा बारवी रस्ताच उरतो.

ऑफिसात सगळे आयर्नमॅन सुचवतात. मला पोहता येत नाही आणि त्या सायकली ईएमआयवरच येतात! मी सातारा हिल मॅरेथॉन ठरवलीय. अंतर निम्मं, साधारण २१ किलोमीटर. पण यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरायचा. दोन आठवडे नुसतं चालणं आणि झोप. मग जिने, उतरायचे जास्त.

आईला फक्त २१ सांगितलंय. घाटाचं अजून नाही.