चिल्टर्नच्या रानातील काशीची विहीर

प्रवासवर्णन लिहावयाचे म्हणजे लेखकाने निदान थोडाफार प्रवास केलेला असावा, अशी वाचकांची अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. आम्ही येथे ज्या प्रवासाची हकीगत सांगणार आहोत, तो जाऊन येऊन अवघा सहा मैलांचा, तोही पायी आणि एकट्याने. ‘आम्ही’ हा शब्द पाहून आमच्या बरोबर आणखी कोणी होते असे मात्र वाचकांनी समजू नये. घरच्या माणसांखेरीज कोणी कोणाच्या सोबतीने चालावे, अशी त्या वसंतात इंग्लंडमध्ये सोयच नव्हती.

आम्ही मूळचे इंदूरचे, रामबागेतले. २०२० च्या जानेवारीत चिरंजीवांच्या आग्रहाखातर दोन महिन्यांसाठी म्हणून इंग्लंडात गेलो. ऑक्सफर्डशायर परगण्यात, हेन्लीहून वॉलिंगफर्डकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेटलबेड नावाचे एक लहानसे गाव आहे, तेथे त्यांचे बिऱ्हाड. एके काळी हे गाव विटांसाठी प्रसिद्ध होते. बाटलीच्या आकाराची एक जुनी वीटभट्टी घरांच्या मधोमध अजून उभी आहे. मार्चअखेर परतावयाचे तिकीट आमच्या खिशात होते. परंतु २२ मार्चपासून भारताने परदेशाहून येणारी विमाने बंद केली, आणि दुसऱ्याच दिवशी, २३ मार्चच्या रात्री, तेथील पंतप्रधानांनी दूरचित्रवाणीवरून साऱ्या देशाला घरात बसण्याची आज्ञा केली. दिवसातून एकदा व्यायामासाठी बाहेर पडावे, एवढी सवलत होती. सत्तरी ओलांडलेल्यांनी अधिक जपावे असे सांगितले होते. आम्ही एकाहत्तरीत होतो. तरी सूनबाई, ज्या स्वतः रुग्णालयात डॉक्टर आहेत, म्हणाल्या, “बाबा, माणसांपासून दूर राहा, पण चालणे सोडू नका.”

तेव्हा आम्ही रोज चालू लागलो. तो वसंत असा होता की तेथील हवामानखात्याच्या १९२९ पासूनच्या नोंदींत इतका सूर्यप्रकाश दुसऱ्या कोणत्याही वसंताने दिला नव्हता. आकाशात विमानांच्या पांढऱ्या रेघा उरल्या नव्हत्या. घरोघरी खिडक्यांत मुलांनी रंगविलेली इंद्रधनुष्ये चिकटवलेली. आमच्या नातीनेही एक लावले होते. गुरुवारी रात्री आठ वाजता लोक दारात येऊन रुग्णसेवकांसाठी टाळ्या वाजवीत. त्या वेळी सूनबाई बहुधा रुग्णालयातच असत आणि त्यांच्या वाट्याच्या टाळ्या नात ऐकून घेई.

रामनवमीच्या दिवशी, २ एप्रिलला, पहाटे इंदूरहून पुतण्याचा फोन आला. दादा गेले. आजार त्या साथीचा नव्हता. हृदय थकले होते, ते थांबले. पण इंदुरात तेव्हा कडक संचारबंदी होती. मोजक्या पाच जणांनी त्यांना पोहोचवले. अस्थी नर्मदेला, ओंकारेश्वरी न्यावयाच्या, तर जिल्ह्याची सीमा बंद. त्या तांब्याच्या कलशात घालून, नावाची चिठ्ठी लावून, स्मशानातील एका खोलीत ठेवल्या. “काका, तुम्ही येऊ शकत नाही हे आम्हांला कळते. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका,” असे पुतण्या म्हणाला. धाकट्याने थोरल्याला खांदा द्यावयाचा असतो. आम्ही हजारो मैलांवर खिडकीशी बसून होतो आणि बाहेर कोवळे ऊन पडले होते.

२६ एप्रिलला अक्षय्य तृतीया होती. त्या दिवशी मराठी घरांतून पितरांच्या नावाने पाण्याने भरलेला घट दान देण्याची रीत आहे. आमच्या आईने ती कधी चुकविली नाही. येथे ना घट, ना दान घेणारा. मुलगा म्हणाला, “बाबा, तीन मैलांवर स्टोक रो गावात काशीच्या महाराजांनी खोदलेली एक विहीर आहे. आज रविवार आहे, मी येऊ का बरोबर?” आम्ही नको म्हटले. पाण्याची एक बाटली आणि दोन दशम्या पिशवीत घातल्या आणि निघालो.

इंग्लंडच्या ग्रामीण भागातील पायवाटांविषयी येथे दोन शब्द सांगितले पाहिजेत. तेथे वाट कोणाच्याही शेतातून, कुरणातून, क्वचित घराच्या परसातूनही जाते आणि तिच्यावरून चालण्याचा हक्क सर्वांस असतो. १९४९ च्या एका कायद्यान्वये अशा वाटांचे नकाशे करून त्या कायम करण्यात आल्या. खांबावर पिवळा बाण दिसला की ती पादचाऱ्याची वाट. चिल्टर्नच्या रानात तर झाडांच्या बुंध्यांवरच पांढरे बाण रंगविलेले असतात. कुंपण आले की ते ओलांडण्यास लाकडी पायऱ्या असतात. गुडघ्यांची चौकशी करीत आम्ही एकेक पायरी चढलो. काही ठिकाणी शेतकऱ्यांनी फाटकाला चिठ्ठ्या बांधल्या होत्या, की हात लावल्यावर हात धुवा. आम्ही कोपराने फाटके उघडावयास शिकलो.

गावठाण मागे पडताच बीच वृक्षांचे रान सुरू झाले. बीचचा बुंधा करडा, गुळगुळीत आणि सरळ. जुन्या काळी या रानातच झोपड्या टाकून कारागीर खुर्च्यांचे पाय कातीत आणि ते हाय विकमच्या कारखान्यांना पुरवीत. एप्रिलअखेर त्याची पालवी इतकी कोवळी असते की ऊन तिला अडत नाही, तिच्यातून गाळून येते. त्या हिरव्या उजेडाखाली जमीन निळी दिसत होती. ती ‘ब्लूबेल’ची फुले; देठाच्या एका अंगाला झुकलेल्या लहान लहान निळ्या घंटा. वर पानांचे छत मे महिन्यात घट्ट होते आणि मग खाली सूर्य पोहोचत नाही, म्हणून ही फुले त्याच्या आधीच आपला संसार उरकून घेतात. एका वळणावर फोडणीपूर्वी ठेचलेल्या लसणीसारखा वास आला आणि आम्ही नकळत कोणाचे स्वयंपाकघर आहे म्हणून इकडेतिकडे पाहिले. तो रानलसणीच्या पांढऱ्या फुलांचा वास होता.

इतके सौंदर्य पाहून मन प्रसन्न व्हावयास हवे होते. ते झाले, हे कबूल केले पाहिजे, आणि प्रसन्न झाल्याची लाजही वाटली. तिकडे आपल्याकडे त्याच दिवसांत सहस्रावधी मजूर मुलाबाळांसह महामार्गांवरून आपापल्या गावी पायी निघाले होते. त्यांतील कित्येक इंदुरावरूनच जात होते. चालणे ते आणि चालणे हे. आमच्या पायांत चांगले जोडे होते आणि संध्याकाळी परतावयास घर होते.

डोक्यावर शीळ घातल्यासारखा आवाज झाला. वर पाहतो तो घारी, तांबूस रंगाच्या, दुभंगलेल्या शेपटीच्या. एकोणिसाव्या शतकाअखेर इंग्लंडात या घारी मारून मारून नाहीशा झाल्या होत्या. १९८९ ते १९९४ या काळात स्पेनमधून पिल्ले आणून या टेकड्यांत सोडली, आणि आज त्या इतक्या झाल्या आहेत की त्यांच्याकडे कोणी मान वर करून पाहत नाही. परक्या देशातून आलेला जीवही येथे रुजतो, असा एक विचार मनात येऊन गेला. पण आमचे मूळ तर दुसऱ्याच मातीत होते.

स्टोक रो हे टेकडीच्या माथ्यावरचे गाव. रस्त्याच्या कडेला, झाडांच्या सावलीत, लोखंडी खांबांवर पेललेला एक घुमट दिसला. त्याखाली पाणी ओढण्याचे यंत्र आणि त्या यंत्रावर एक सोनेरी हत्ती. बीचच्या रानातून बाहेर पडलेल्या माणसाला एकाएकी हत्ती दिसावा! आम्ही क्षणभर जागीच उभे राहिलो.

या विहिरीची कथा अशी. चिल्टर्नच्या टेकड्या खडूच्या दगडाच्या आहेत. वर माती आणि गारगोट्यांचा थर, खाली सच्छिद्र खडू. पाऊस पडतो तो खडू पिऊन टाकतो, आणि पाणी शेकडो फूट खाली जाते. त्यामुळे हिरव्या गर्द प्रदेशातही माथ्यावरची गावे उन्हाळ्यात पाण्यासाठी डबक्यांवर अवलंबून असत. येथून जवळच्या इप्सडेन गावचे एडवर्ड अँडरडन रीड हे कंपनीच्या नोकरीत उत्तर हिंदुस्थानात होते. तेथे आझमगडास त्यांनी लोकांसाठी विहीर बांधली होती. काशीचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी त्यांचा स्नेह. एकदा बोलता बोलता रीड यांनी आपल्या मुलुखातील एक आठवण सांगितली, ती अशी की, घरातील शेवटचे पाणी पिऊन टाकले म्हणून एका मुलाला मार खाताना त्यांनी पाहिले होते. ती महाराजांच्या मनात राहिली. पुढे इंग्लंडात काही दानधर्म करावा असे त्यांना वाटले, तेव्हा त्यांनी ही विहीर निवडली. १८६३ साली खोदकाम सुरू झाले आणि २४ मे १८६४ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवशी, विहीर गावाला खुली झाली. खोली ३६८ फूट, रुंदी अवघी चार फूट, आणि सगळी माणसांच्या हातांनी खोदलेली. लंडनच्या सेंट पॉल मंदिराचा कळस तिच्यात उभा केला तर बुडून जाईल. भरलेली बादली वर यावयास दहा मिनिटे लागत. विहिरीच्या खर्चासाठी शेजारी चेरीची बाग लावली आणि तिला नाव दिले ‘ईश्री बाग’. पुढे गावात नळ आले आणि विहिरीचे काम संपले. १९६४ साली शताब्दीच्या सोहळ्यास राणी एलिझाबेथचे पती प्रिन्स फिलिप येथे आले होते.

दान म्हटले की त्याच्या पाठीमागचा हिशेबही पाहावा लागतो. १८५७ च्या धामधुमीत काशीनरेश कंपनीच्या बाजूने राहिले होते, आणि विहीर खोदली जाण्यापूर्वी दोनच वर्षे, १८६०-६१ साली, गंगा-यमुनेच्या दोआबात भयंकर दुष्काळ पडला होता. तहानलेले जवळही होते. हे सर्व आम्हांस ठाऊक आहे. तरीही त्या चार फुटी तोंडापाशी उभे राहिल्यावर आम्हांला राजा दिसला नाही, कंपनी दिसली नाही. मार खाणारा तो मुलगा दिसला. कारण त्याला आम्ही ओळखत होतो.

इंदुरास नर्मदेचे पाणी १९७८ साली आले. त्यासाठी १९७० साली नगरवासीयांना आंदोलन करावे लागले. त्यापूर्वीचे उन्हाळे ज्यांनी पाहिले आहेत त्यांस अधिक सांगणे नको. १९५७ चा वैशाख असेल. आम्ही आठ वर्षांचे, दादा तेरांचा. सार्वजनिक नळावरून पहाटे रांगेत उभे राहून दोन बादल्या पाणी तोच आणी. एके दुपारी आम्ही खेळून आलो आणि तापलेल्या पायांवर माठातले उरलेले सगळे पाणी ओतून घेतले. आई आली, माठ पाहिला आणि विचारले, “पाणी कोणी सांडले?” आम्ही गप्प. दादा म्हणाला, “मी.” वेताच्या छडीचे वळ त्याच्या पोटऱ्यांवर चार दिवस होते. त्याने त्याविषयी पुढे कधी एक शब्द काढला नाही, आणि आम्हीही काढला नाही. त्रेसष्ट वर्षे लोटली होती.

तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडून एक वृद्ध इंग्रज गृहस्थ काठी टेकीत आले आणि नियमाप्रमाणे दोन मीटरांवर थांबले. हवा छान आहे, असे ते म्हणाले. आम्हीही छान आहे म्हटले. मग त्यांनी विचारले, “आपण त्या राजाच्या देशातले का?” आम्ही होय म्हटले. ते म्हणाले, “माझी पत्नी वृद्धाश्रमात असते. रोज खिडकीबाहेर उभा राहून तिला हात करतो. ती ओळखते की नाही, सांगता येत नाही.” आम्ही म्हणालो, “माझा मोठा भाऊ या महिन्यात गेला. मला जाता आले नाही.” त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, थोडा वेळ हातात धरली, पुन्हा घातली आणि निघून गेले. समाचाराला आलेले ते आमच्याकडचे पहिलेच माणूस.

विहिरीचे तोंड झाकलेले होते. तिचे पाणी मिळण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही ईश्री बागेत गेलो. चेरीचा बहर ओसरत आला होता आणि गवतावर पांढऱ्या पाकळ्यांचा सडा होता. एका झाडाच्या मुळाशी बाटलीतले पाणी हळूहळू ओतले. मंत्र म्हटला नाही; सुतके-श्राद्धांचे शास्त्र त्यात कोठे बसते तेही पाहिले नाही. ज्या अहिल्यादेवींनी काशीचे विश्वनाथमंदिर पुन्हा उभे केले त्यांच्या गावचे आम्ही, आणि ही काशीच्या राजाची विहीर. एवढे नाते आम्हांस पुरले. पाणी सगळे ओतले. परतीची तीन मैलांची वाट मग कोरड्या घशाने चाललो, आणि ते बरे वाटले.

जूनमध्ये निर्बंध सैल झाल्यावर पुतण्याने अस्थी ओंकारेश्वरास नेल्या. आम्हांला खास विमानाने परत यावयास जुलै उजाडला. विलगीकरणाचे दिवस संपवून वहिनींना भेटावयास गेलो. त्या पूर्वीच्याच खुर्चीत बसल्या होत्या. शेजारची खुर्ची रिकामी होती. आम्ही त्यांना विहिरीची हकीगत सांगितली आणि मग, घसा खाकरून, माठाचीही सांगितली.

वहिनींनी ऐकून घेतले. म्हणाल्या, “भावोजी, हे त्यांनी मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितले होते. तुम्ही कधी बोलता, याची वाट पाहत होते.” मग त्या उठल्या आणि आत जाऊन आमच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.