हात आवरण्याची विद्या

वैद्य जितकें अधिक करील तितका तो चांगला, अशी आपल्या बहुतेक घरांतून समजूत असते. केवळ पथ्य सांगणाऱ्या वैद्यास पैसे देतांना आपला हात किंचित् आंखडतो, आणि ‘थांबूं या’ म्हणणारा शल्यवैद्य तर अज्ञच वाटतो. ही समजूत तपासून पाहण्याचा प्रसंग नुकताच आमच्यावर आला.

आमच्या कैलासवासी थोरल्या बंधूंचा चौदा वर्षांचा नातू सायकलीवरून पडला व हँडलचें टोंक त्याच्या उजव्या बरगडीखालीं बसलें. सीटी स्कॅनमध्यें यकृतास खोल चीर गेल्याचें व पोटांत रक्त सांचल्याचें दिसलें. तरीहि डॉक्टर शस्त्रक्रिया करीनात. ‘काका, लेंकराच्या पोटांत रक्त असतां हे स्वस्थ कसे बसतात? आपण त्याला दुसरीकडे नेऊं,’ असें सूनबाई रडत म्हणूं लागल्या. वडीलपणामुळें निर्णय आमच्याकडे आला. आम्ही डॉक्टरांसच कारण विचारलें.

ते म्हणाले कीं, यकृताचा रक्तस्राव पुष्कळदां आपोआप थांबतो. १९०८ सालीं ग्लासगोच्या प्रिंगल या शल्यवैद्यानें यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या चिमटींत दाबून रक्त थोपविण्याची युक्ति प्रसिद्ध केली, व ती आजहि उपयोगी पडते. परंतु पुढें पोट उघडल्यावर रक्त आधींच थांबलेलें आढळूं लागलें. सीटी स्कॅन आल्यावर पोट न उघडतां आंतील स्थिति दिसूं लागली, आणि प्रथम मुलांच्या व मग मोठ्यांच्या बाबतींत थांबण्याची रीति रूढ झाली. आज नाडी व रक्तदाब स्थिर असल्यास मुक्या मारानें झालेल्या यकृताच्या बहुतेक जखमा शस्त्रावांचून बऱ्या होतात. मधूनच रक्त वाहूं लागलें, तर रोहिणींतून बारीक नळी नेऊन तेवढीच वाहिनी बंद करतां येते.

मुलाच्या उशाशीं टांगलेल्या बाटलीवर ‘रिंगर’ हें नांव होतें. त्याचा शोध घेतां एक मनोरंजक हकीकत हातीं लागली. सिडनी रिंगर हा लंडनचा वैद्य बेडकाचें हृदय देहाबाहेर मिठाच्या पाण्यावर चालवून पाहत असे. १८८२ सालच्या प्रयोगांत तें उत्तम चाललें. पण ऊर्ध्वपातित पाणी वापरतांच तें लवकरच मंदावलें. पहिलें पाणी शहराच्या नळाचें होतें, व त्यांतील चुन्याचा अंश हृदयास आवश्यक होता, हें १८८३ सालीं त्यानें प्रसिद्ध केलें. पुढें १८९५ सालीं जर्मनींत ऑस्कर लांगेनडोर्फ यानें सस्तन प्राण्याचें हृदय असेंच चालविलें. महारोहिणींत नळी बांधून त्यानें रक्त उलट दिशेनें हृदयाकडे सोडलें. त्या दाबानें महारोहिणीची झडप मिटली, रक्त हृदयाच्या स्वतःच्या पोषक वाहिन्यांत शिरलें, व मेंदूशीं संबंध तुटलेलें तें हृदय धडधडत राहिलें. औषधांच्या परीक्षेसाठीं ही रीति अद्यापि वापरतात.

बृहदारण्यकोपनिषदांत ‘हृदय’ शब्दाचीं तीन अक्षरें आणणें, देणें व जाणें अशा अर्थांनीं उलगडलीं आहेत. प्रयोगशाळेंतील हृदयहि योग्य द्रव, ऊब व प्राणवायु मिळतांच आपलें काम आपण करतें; त्यास कोणी ढकलावें लागत नाहीं. यकृताचेंहि तसेंच. इंद्रियास हवें तें पुरवावें आणि त्याच्या कामांत हात घालूं नये, हेंच त्या डॉक्टरांचें धोरण होतें.

मात्र हें थांबणें म्हणजे आळस नव्हे. मुलाची नाडी व रक्तदाब वारंवार पाहत, रक्त पुनःपुन्हां तपाशीत, पोट हातानें चांचपीत. रक्तदाब कोसळता तर तत्काळ पोट उघडण्यास शस्त्रगृह सज्ज होतें. अशा वेळीं त्यास गाडींत घालून गांवभर फिरविणें हाच खरा धोका होता. आम्ही त्यास हलवूं दिलें नाहीं. त्या तीन रात्रीं घरांत कोणासहि झोंप नव्हती. चौथ्या दिवशीं रक्ताचें प्रमाण स्थिरावलें, व पुढच्या आठवड्यांत मुलगा घरीं आला. खेळ व धांवपळ कांहीं महिने बंद आहे, याबद्दल तो आमच्यावर रुसला आहे.

वाचकांस एवढेंच सांगणें आहे. पोटावर मार बसल्यास, बाहेरून खूण नसली तरी, तो क्षुल्लक मानूं नये. आणि डॉक्टर थांबा म्हणाले, तर ‘कांहीं करीत कां नाहीं?’ असें न विचारतां ‘आपण कशावर लक्ष ठेवीत आहांत, आणि कोणती खूण दिसली म्हणजे शस्त्र हातीं घ्याल?’ असें विचारावें. ज्याच्याजवळ या प्रश्नाचें उत्तर तयार आहे, त्याच्या आवरलेल्या हातावर विश्वास ठेवण्यास हरकत नाहीं.