खिडकीची किंमत

आमच्या माण तालुक्यात जमिनीची किंमत करायची असली की माणूस आधी खाली वाकतो. ढेकूळ उचलतो, हातात चुरगाळून पाहतो. विहीर किती खोल, मुरूम कुठे लागतो, बांधावरून कोणाशी भांडण आहे, एवढे विचारून झाले म्हणजे मग पैशाची गोष्ट निघते. समोरचा डोंगर कसा दिसतो, हे आजवर कोणी विचारलेले मी ऐकले नाही. डोंगर सातबाऱ्यावर चढत नाही. तो फुकट मिळतो.

औलीला मी याच्या नेमका उलट व्यवहार पाहिला. तेथे गिऱ्हाईक मान वर करून जमीन पाहते. पायाखाली काय आहे याची चौकशी करण्याइतकी सवड नंदादेवी त्याला देत नाही. आणि खरे सांगायचे तर तिच्यापुढे कोणाची चूक काढावी असेही वाटत नाही. ७८१६ मीटर उंचीचे ते शिखर सकाळी सातच्या सुमारास उजळू लागते, तेव्हा मुलांना फळ्यावर हिमालय काढून दाखवण्यात मी इतकी वर्षे घालवली याची मला थोडी गंमतच वाटली.

औली हे गढवालातले, चमोली जिल्ह्यातले ठिकाण. बदरीनाथाच्या वाटेवर जोशीमठ लागते, त्याच्या डोक्यावर. जोशीमठाचे नाव २०२४ साली सरकारने ज्योतिर्मठ केले, पण जीप हाकणाऱ्यांच्या तोंडी जोशीमठच आहे. आपल्याकडच्या यात्रेकरूंना हे गाव पिढ्यान् पिढ्या ठाऊक. हिवाळ्यात बदरीनाथाचे दार मिटले की शंकराचार्यांची गादी येथील नरसिंहाच्या देवळात येते. तेथून पंधराएक किलोमीटर वळणे घेत वर चढले की सुमारे अडीच ते तीन हजार मीटरांवर औलीचे उतार लागतात. उन्हाळ्यात ते गवताळ कुरण असते, हिवाळ्यात त्यावर बर्फ साचतो आणि माणसे पायांना लांब पट्ट्या बांधून घसरतात. भारत-तिबेट सीमा पोलिसांचे जवान तेथे फार पूर्वीपासून हे शिकत आले. मग जोशीमठाहून वर येणारा सुमारे चार किलोमीटरांचा रज्जुमार्ग झाला, २०११ च्या जानेवारीत दक्षिण आशियाई हिवाळी खेळ झाले, आणि औलीचे नाव दिल्ली-मुंबईच्या प्रवासी कचेऱ्यांत फोटोसकट लागले.

त्यातलाच एक फोटो माझ्या दाजींच्या हाती पडला. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. एस.टी.च्या कार्यशाळेत तीस वर्षे काढून निवृत्त झाले. फंडाचे पैसे बँकेत होते आणि दाजींना स्वस्थता नव्हती. पुण्यातल्या एका दलालाने त्यांना गुळगुळीत कागदाची एक पुस्तिका दिली होती: औलीजवळ स्वतःच्या मालकीची खोली, वर्षातले आठ दिवस तुम्ही राहा, बाकीचे दिवस आम्ही पाहुण्यांना भाड्याने देऊ, आणि भाडे तुमच्या खात्यात. बहिणीने मला निरोप धाडला, "तू भूगोल शिकवतोस ना? मग जा यांच्याबरोबर." मी मॅट्रिक झालेला मास्तर, कादंबऱ्या लिहितो म्हणून नातेवाइकांत थोडा शहाणा समजला जातो, इतकेच. पण २०२४ च्या फेब्रुवारीत परीक्षा तोंडावर असताना रजा काढली आणि निघालो. हरिद्वारपासून पुढचा दिवस सगळा जीपमध्ये गेला. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग ही नावे नकाशावर जितकी जवळजवळ दिसतात तितकी ती नाहीत.

रज्जुमार्ग बंद होता. तो का बंद होता हे त्या पुस्तिकेत नव्हते.

बर्फाची मजा मात्र आम्ही पोटभर पाहिली. त्या वर्षी जानेवारी कोरडा गेला होता आणि फेब्रुवारी लागताच बर्फ पडला होता, त्यामुळे सारे गाव लग्नघरासारखे धावपळीत होते. दुकानांत गमबूट आणि कोट भाड्याने मिळत. दाजींनी गमबूट चढवले, भाव केला, आणि पहिल्याच उतारावर बसकण मारली. जोशीमठाची आठ-दहा वर्षांची पोरे मात्र आपल्याकडची पोरे सायकल मारतात तशी सहज घसरत होती. दिल्लीहून आलेले एक जोडपे त्यांच्याकडून तासावर धडे घेत होते. शिकवणाऱ्याचे नाक वाहत होते, शिकणाऱ्यांचे गॉगल भारी होते. गुरूला एवढा मान मी माझ्या शाळेत मिळवू शकलो नाही.

पण हा सारा संसार बर्फाच्या मर्जीवर. हिवाळी खेळांच्या वेळी तेथे बर्फ तयार करणारी यंत्रे आणली, त्यांना पाणी पुरवायला तळे बांधले. यंत्राला पाणी देता येते, थंडी कोठून देणार? हवा पुरेशी गार नसेल तर ते नुसते पाणी शिंपडते. २०२३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय स्पर्धा बर्फ नाही म्हणून रद्द कराव्या लागल्या. आणि बर्फ नसतानाही पैसा येतोच. २०१९ च्या जूनमध्ये एका परदेशस्थ धनिक घराण्याने आपल्या दोन मुलांची लग्ने येथे लावली. मागे शेकडो क्विंटल कचरा राहिला, आणि नैनीतालच्या उच्च न्यायालयाने त्यांना तीन कोटी रुपये अनामत भरायला लावले.

दुसऱ्या दिवशी एक तरुण आम्हांला जागा दाखवायला आला. देहरादूनचा होता, बोलायला मोठा गोड. रस्त्याच्या कडेला, बांजाच्या झाडांखाली उतार होता. त्याने हवेत दोन्ही हातांनी एक चौकट काढली आणि म्हणाला, "आपकी खिडकी यहाँ आएगी." भिंत नाही, जोते नाही, पण खिडकी तयार! आणि त्या रिकाम्या चौकटीत नंदादेवी खरोखरच नेमकी बसली होती. दाजी बराच वेळ गप्प उभे राहिले. मला वाटले, संपले, फंड गेला.

मग दाजींनी विचारले, "सांडपाणी कुठे जाणार?"

"जमीन में, अंकल. सोख्ता गड्ढा." शोषखड्डा. "आप व्यू देखिए."

दाजींनी खाली वाकून उताराची माती उचलली. मातीबरोबर निम्मे दगड हातात आले. ते त्यांनी मला दाखवले. त्या तरुणाला काही बोलले नाहीत.

आम्ही उतरलो होतो तो गृहस्थ चाळिशीतला गढवाली. रस्त्यावरच्या एका घराच्या तीन खोल्या भाड्याने घेऊन तो पाहुणे ठेवी. त्याचे स्वतःचे घर खाली जोशीमठात. पर्यटक वाढले तसे त्याने कर्ज काढून दोन मजले चढवले होते. संध्याकाळी तो आम्हांला ते दाखवायला घेऊन गेला. दारावर लाल फुली होती. आतल्या भिंतीला जिन्यापासून छतापर्यंत गेलेली भेग होती. तिच्यात माझी चार बोटे सहज गेली. दाजींना कोणत्याही वस्तूवर बोटाच्या पेराने टकटक करून पाहण्याची जुनी सवय. त्यांनी भिंतीवर टकटक केली, आणि मग आजाऱ्याच्या खोलीत आवाज झाल्यासारखे ओशाळून हात मागे घेतला.

२०२३ च्या जानेवारीत हे गाव खचले. सरकारी मोजणीत ८६८ घरांना तडे निघाले. त्यांतली १८१ धोक्याच्या पट्ट्यात. शेजारी शेजारी असलेली दोन हॉटेले एकमेकांवर रेलली, ती पाडावी लागली. रज्जुमार्ग थांबला तो तेव्हा. गावकरी डोंगरातून जाणाऱ्या जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्याकडे बोट दाखवत होते, प्रकल्पवाले कानांवर हात ठेवत होते. पण एक गोष्ट त्याच्याही आधीची आहे. १९७६ साली तेव्हाचे गढवालचे आयुक्त मिश्रा यांच्या समितीने लिहून ठेवले होते की जोशीमठ अखंड खडकावर नाही, जुन्या दरडीच्या वाळू-दगडांवर वसले आहे. येथे जड बांधकामे करू नका, उतारावरचे धोंडे उकरू नका, झाडे लावा, पाण्याचा निचरा करा. त्यानंतर गावात हॉटेले उठली आणि सांडपाणी शोषखड्ड्यांतून त्याच दरडीत मुरत राहिले. २०११ च्या शिरगणतीत गावची वस्ती १६,७०९ होती. एवढी माणसे एका जुन्या दरडीवर संसार मांडून होती, आणि पाहुण्यांना वरच्या शिखरांची नावे सांगत होती.

बाहेरच्यांना आवरायचे कायदेही मधूनमधून झाले. नगरपालिकांच्या हद्दीबाहेर परप्रांतीयाला घरासाठी २५० चौरस मीटरांहून जास्त जागा घेता येत नसे. २०१८ मध्ये उद्योगांसाठी दोर सैल सोडला. २०२५ च्या फेब्रुवारीत विधानसभेने तो पुन्हा आवळला आणि हरिद्वार व उधमसिंहनगर वगळून अकरा जिल्ह्यांत शेतीची व बागायती जमीन बाहेरच्यांना विकण्यास मनाई केली. आमच्या त्या गोड तरुणाचे पुढे काय झाले, कोणास ठाऊक.

परतताना वाटेत मी यजमानाला म्हणालो, "इतकी माणसे येथे येऊच नयेत, असे नाही तुम्हांला वाटत?" मास्तराचा प्रश्न! तो थोडा वेळ चालत राहिला. मग म्हणाला, "मास्टरजी, आप लोग नहीं आएँगे तो बैंक आएगा." दाजी हसले नाहीत. मीही नाही.

निघण्याच्या सकाळी दाजींनी पिशवीतून पैसे काढले. पुढच्या जानेवारीसाठी दोन खोल्यांचे चार दिवसांचे पूर्ण भाडे त्यांनी आगाऊ दिले. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपयांसाठी घासाघीस करणारा हा माणूस. त्याने भाव केला नाही. यजमान पावतीपुस्तक घेऊन बसला. पावतीवर पत्ता छापलेला होता तो खालच्या घराचा. त्याने तो पेनाने नीट, एका रेघेत खोडला. वर नवा लिहायला घेतला आणि थांबला. या तीन खोल्यांचा करार मार्चपर्यंतचाच होता. मग रक्कम, तारीख आणि दाजींचे नाव लिहून, पत्त्याची जागा तशीच ठेवून, त्याने पावती फाडून दिली. दाजींनी ती चष्म्याच्या घरात घडी करून ठेवली.